पानाला लोखंड लागू नये

तैचं ऊन आलं की पंचांगाच्या आधी ते माझ्या कोपरांना कळतं. तै म्हणजे आमचा पोंगलचा महिना, तुमच्या संक्रांतीपासून सुरू होतो तो. आमच्याकडचा पाऊस उलटा. तुमच्या मुलखातला पाऊस परत फिरतो तेव्हा तो येथे येतो आणि दिवाळीच्या आगेमागे असा ठाण मांडून बसतो की भिंती ओल्या, धोतर ओलं, बरणीतलं मीठसुद्धा ओलं. त्यामागून मार्गळीचा, तैच्या आधीच्या महिन्याचा, गारठा. हे तीन महिने माझ्या अंगावरचे चट्टे फुलतात. लाल होतात, वर पांढरा पापुद्रा धरतात, आणि सकाळी चटई झटकली की खाली रवा सांडल्यासारखा दिसतो. मग एक दिवस गच्चीवर जावं तो कठडा कोरडा लागतो, कावेरीवरून येणारा वारा कोरडा लागतो, आणि उघड्या पाठीवर ऊन येऊन बसतं. माझ्या पाठीला दुसरं कोणी शिवत नाही. म्हणून मी उन्हाला एवढं मानतो.

यंदाही ते वेळेवर आलं. मी कठड्याकडे पाठ करून बसलो, डाव्या बाजूला वाळत घातलेले वडाम, म्हणजे तुमचे सांडगे-कुरडया, उजव्या बाजूला कावळे हाकायची काठी, आणि पुढ्यात ती बाटली. जांभळ्या तेलाची. पंधरा मिनिटं बसायचं असतं. मी त्या बाटलीकडे पाहत किती वेळ बसलो ते सांगत नाही, डॉक्टरीण वाचायची.

मी आचारी. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तीही तमिळ शाळा. मराठी अक्षरं नानांनी, माझ्या वडिलांनी, शिकवली, पाटावर तांदळाचं पीठ पसरून त्यात बोटाने. चुकलं की तळहाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. त्यापुढे कोणी शिकवलं नाही, म्हणून माझं लिहिणं हे असं सांगितल्यासारखं आहे. ज्याला शुद्ध हवं त्याने दुसऱ्याचं वाचावं. आमचे पूर्वज कोणत्या तरी मराठा राजाच्या मागे इकडे आले आणि येथलेच झाले. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पुण्याकडचा एक गृहस्थ एकदा लग्नाला आला होता. माझं बोलणं ऐकून हसला, म्हणाला, "आजोबा, तुम्ही पोथीतून उठून आल्यासारखे बोलता." मी म्हटलं, "आम्ही पोथीतच आहोत. उठून गेलात ते तुम्ही."

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात माझं घर. दोन रस्ते सोडून नदीच्या अंगाला माझ्या धाकट्या भावाचं, वेंकूचं. लग्न त्याने केलं, मी केलं नाही. का ते एकाने विचारलं होतं, त्याने पुन्हा विचारलं नाही. आम्ही दोघे मिळून लग्नामुंजीचा स्वयंपाक करायचो. चुलीवर मी, पंगतीत तो. लोक आम्हाला थोरले रायर, धाकटे रायर म्हणत, रायर म्हणजे राव. रसवांगी म्हणजे चिंचगुळाचं दाटसर वांगं. ती कुंभकोणमात कोणाची खावी हे मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. कोणालाही विचारा.

पण पहिला घास वाढायचा तो मी. हा आमचा नेम होता. सगळी पंगत बसली की चुलीवरून उठायचं, हात धुवायचे, आणि मधल्या पानावर पहिली पळी मी वाढायची. मग वेंकूने आणि त्याच्या माणसांनी. ज्याने शिजवलं त्याचा हात लोकांना दिसला पाहिजे, असं नाना म्हणत.

तो हातच बिघडला.

आधी कोपरं. मला वाटलं, चुलीजवळ टेकून बसतो त्याने कातडी राठ झाली. मग गुडघे. मग डोक्यात, केसांच्या मुळाशी. सगळ्यांत शेवटी तळहात. भेगा पडल्या, कडेने पापुद्रे सुटले. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे. मी हात धोतरात लपवायला शिकलो. पंगतीत पळी पुढे केली की बसलेला माणूस आधी पळीतल्या वांग्याकडे पाहायचा, ते उलटं झालं. आधी माझ्या मनगटाकडे, मग आपल्या पानाकडे, मग म्हणायचा, "पुरे, पुरे." ज्याने माझ्या रसवांगीला कधी पुरे म्हटलं नव्हतं असा माणूस.

हे सगळं ज्या वर्षी झालं त्या वर्षीची तै आणि तिच्यामागचा मासी महिना मला अजून दिवसागणिक आठवतो. वेंकूच्या मुलीचं, जानकीचं लग्न मासीत ठरलं होतं. मार्गळीत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, म्हणून तै लागताच सगळ्यांची घाई. जानकीला मी अंगाखांद्यावर वाढवली. मला ती थोरलेनाना म्हणे. माझं सगळं मागणं एवढंच होतं की त्या लग्नाच्या पंगतीत पहिली पळी माझ्या हातची पडावी, आणि कोणी पुरे म्हणू नये.

वेंकूनेच मला ओढत कातडीच्या डॉक्टरिणीकडे नेलं. पोरसवदा मुलगी, पण नजर करडी. हात उलटेपालटे करून पाहिले, नखं पाहिली, आजोबांना हाक मारतात तशी म्हणाली, "तात्ता, याला सोरायसिस म्हणतात. हे मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतं. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शिवून नाही, जेवून नाही."

वेंकू म्हणाला, "मग हे आलं कोठून?"

"अंगातलंच असतं. कधी कधी घराण्यात असतं."

मी म्हटलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

तिने लावायला मलम दिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि मग गोळी दिली, आठवड्यातून एक, शनिवारी. कागदावर शनिवार असं मोठं लिहून त्याभोवती गोल काढला. "रोज घेतली तर जिवावर बेतेल. समजलं ना?" आणि म्हणाली, "सकाळचं कोवळं ऊन घ्या, दहा-पंधरा मिनिटं. दुपारचं नाही."

मी घरी येऊन वेंकूला म्हटलं, पंधरा मिनिटांत डाळसुद्धा शिजत नाही. लग्नाला महिना राहिलेला. कोवळ्याने जर फरक पडतो तर कडक उन्हाने लवकर पडेल, हा माझा हिशेब. तीन दिवस दुपारच्या बाराला मी गच्चीवर उघडा बसलो. चौथ्या दिवशी अंग लालभडक, खांदे पोळलेले, आणि जेथे पोळलं तेथे नवे चट्टे उठू लागले. वेंकू वर आला, पाहिलं, कपाळावर हात मारला.

"अण्णा, तू माणूस आहेस की वडाम?"

"वडाम दोन बाजूंनी वाळवतात. माझी एकच झाली आहे."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"तिने बाईमाणसांच्या उन्हाचं सांगितलं."

त्या मुलीने नंतर मला जे सुनावलं ते मी येथे लिहीत नाही. तेव्हापासून बरीक मी सकाळचाच बसतो.

त्याच आठवड्यात वेंकूने ते तेल केलं. इकडच्या वैद्यांचं तेल आहे ते, वेप्पालै नावाच्या झाडाच्या पानांचं. तुमच्याकडे त्याला काळा कुडा म्हणतात असं मला कोणी सांगितलं. वेंकू पॅसेंजर गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिलला गेला. तेथे स्टेशनामागे शेताच्या बांधावर एक झाड आहे. पिशवीभर पानं आणली, आणि सोबत शेंगांची एक जोडी. त्या झाडाच्या शेंगा लांबलचक, दोन-दोन लटकतात, आणि खालच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. "हे बघ, तू आणि मी," म्हणाला. मी म्हटलं, "पिकल्या की सुटतात." का म्हटलं कोण जाणे. तोंडाला आलं.

पानं पाहून मी विळी ओढली. आचाऱ्यापुढे पाला ठेवला की दुसरं काय होणार. वेंकू ओरडला, "अण्णा! लोखंड लावू नको त्याला. हाताने फाडायची असतात."

"काय होतं लोखंड लागून?"

"मला काय ठाऊक? सांगितलंय तसं करायचं."

वेंकूच्या मधल्या बोटात शनीची अंगठी होती, घोड्याच्या नालेची. बोटाचं पेर सुजल्याने ती निघेना. त्याने तुपाची वाटी आणवली, बोट माखलं, आणि पिळून-पिळून, दात खाऊन ती काढली. उंबऱ्यावर ठेवली. "ही पण लोखंडाचीच," म्हणाला. त्याचा शनीवर एवढा विश्वास की आंघोळीलासुद्धा ती उतरवत नसे. माझ्या पानांसाठी उतरवली. मग आम्ही दोघे ताटली मध्ये घेऊन पानं फाडत बसलो. फाटलं की दुधासारखा चीक येतो आणि एक बारीक आवाज होतो, नवं कापड उसवल्यासारखा. फाडलेली पानं खोबरेल तेलात घातली, रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत, वर धोतराचा तुकडा बांधून बाटली उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी तेल हिरवट होतं. आठवड्याने पाहिलं तर पिकल्या जांभळाचा रंग. हिरव्या पानातून जांभळा रंग कोठून येतो हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरिणीला दाखवलं तर म्हणाली, "लावा, कातडी मऊ राहील. पण गोळी सोडायची नाही, सांगून ठेवते."

रोज सकाळी वेंकू यायचा आणि माझ्या पाठीला तेल लावायचा. पाठीच्या मधोमध एक जागा आहे, तेथे आपला हात वरूनही पोचत नाही, खालूनही नाही. माणसाला ही जागा का दिली असेल असा मी तेव्हा विचार केला नाही. तेव्हा वेंकू होता. तेल चोळताना तो लग्नाच्या याद्या बडबडायचा, किती पडवळ, किती भोपळा, कोणाला आमंत्रण राहिलं. बोटं जांभळी व्हायची. "लग्नात मला विचारतील, जांभळं चोरलीस काय," म्हणायचा.

मासी येईपर्यंत कोपरं उतरली. डोकं उतरलं. तळहात बरीक राहिले.

लग्नाच्या दिवशी रसवांगी उतरवायला आली होती. मी हात धुतले, पुसले, पळी घेतली. वेंकू स्वयंपाकघराच्या दारात उभा. रेशमी धोतर, कपाळाला गंध, आणि माझ्याकडे न पाहता माझ्या पळीकडे पाहत होता.

"अण्णा, आज तू पंगतीत येऊ नको."

"का?"

"तू थोरला आहेस. बाहेर बस, खुर्चीवर. मान घे."

"मान मी पंगतीत घेतो. का, ते सांग."

त्याने धोतराचा काठ सारखा केला. मग म्हणाला, "विहीणबाईंनी विचारलं. तुमच्या अण्णांच्या हाताला काय झालंय म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"भाजलं म्हणून सांगितलं."

मी पुष्कळ वेळा विचार केला आहे की मला नेमकं काय लागलं. पंगतीत नको म्हणाला ते लागलं, हो. पण ते मी गिळलं असतं. मुलीच्या बापाची त्या दिवशी काय गत असते ते मला कळतं. जे गिळलं नाही ते हे, की त्याने मला भाजलेला आचारी केलं. जन्मभर चुलीपुढे बसलेला माणूस, आणि लग्नाच्या दिवशी दोन्ही तळहात भाजून घेतो! असा आचारी असतो का? त्यापेक्षा महारोग म्हणाला असता.

पळी तेथेच ठेवली आणि मागच्या दाराने निघालो. मांडवाच्या कडेने जाताना जानकीने पाहिलं. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात नारळ. म्हणाली, "थोरलेनाना, कोठे चाललात?" तिच्यावर अक्षता टाकायला मी थांबलो नाही. हे मी आजवर कोणाकडे बोललो नाही, येथे लिहितो आहे.

त्यानंतर सहा वर्षं मी वेंकूच्या रस्त्याला गेलो नाही. स्वयंपाकाची कामं सोडली. एकट्यापुरता भात लावतो. हातांचं म्हणाल तर त्याच उन्हाळ्यात ते स्वच्छ झाले, शनिवारच्या गोळीने म्हणा, उन्हाने म्हणा, तेलाने म्हणा. पावसात पुन्हा येतात, तैत पुन्हा उतरतात. पण तोवर वाढायला पंगत राहिली नव्हती.

आणि बोलायला भाषा राहिली नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं. भावाशी बोलणं सोडलं तेव्हा मला वाटलं, एक माणूस सोडला. आमची मराठी मी बाकी कोणाशी बोलणार? दूधवाल्याशी तमिळ, औषधाच्या दुकानात तमिळ, देवळात तमिळ. दिवस-दिवस तोंडातून मराठीचा एक शब्द जात नसे. मग मी पातेल्याशी बोलू लागलो. कढण उतू गेलं की म्हणायचं, "थांब रे, काय घाई आहे?" पातेलं काय सांगणार. कधी एखादा शब्द आठवत नाही, आईचाच, रोजचा, आणि विचारायला ज्याच्याकडे जायचं तो दोन रस्त्यांवर असतो.

पण तेल चुकलं नाही. लग्नानंतर पहिली तै आली आणि एका सकाळी दार उघडलं तर ओट्यावर बाटली. धोतराचा पांढरा तुकडा बांधलेली, आत जांभळं तेल, तळाशी फाडलेली पानं. चिठ्ठी नाही, हाक नाही. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. मग मनाशी म्हटलं, माझ्या ओट्यावर जे आहे ते माझं. उचलून आत नेली. पाठीच्या त्या जागेला लावायला पळीच्या दांड्याला कापूस गुंडाळला. पळीने पाठीला तेल लावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मीही पाहिलेला नाही, आरसा ठेवत नाही.

तेल संपलं आणि नवीच अडचण उभी राहिली. आमच्या घरात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भांडण असो, काही असो. आईने हे आमच्या अंगात मुरवलं आहे. मी आठ दिवस बाटली धुऊन पालथी ठेवली. शेवटी चिंचभाताचा गोज्जू केला, चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात आटवून, मेथी-हिंगाचा. हा वर्षभर टिकतो. बाटलीत भरला आणि भर दुपारी, सगळं मेलकावेरी झोपलेलं असताना, त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो. चोरासारखा गेलो असं म्हणायचं असेल तर म्हणा.

असं सहा वर्षं. तैत तेल येतं, चैत्रात गोज्जू जातो. परत आलेल्या बाटलीला चिंचेचा वास नसायचा, स्वच्छ घासलेली असायची. आणि दर वर्षी मला एकच प्रश्न छळायचा. खातात का? की माझ्या हातचं म्हणून नदीत ओततात आणि बाटली घासून ठेवतात? विचारणार कोणाला?

यंदाची बाटली पोंगलनंतर आली. उन्हात धरली. रंग आला होता, पण उदास. मग तळाशी नजर गेली. पानांच्या कडा सरळ होत्या. एकसारखे तुकडे, चौकोनी, गवार चिरावी तसे. मी कात्री, सुरी, विळी यांची कड ओळखतो. ही विळीची होती.

वेंकू पानाला लोखंड लावणार नाही. जो माणूस शनीची अंगठी तूप लावून काढतो तो विळी लावणार नाही.

दोन दिवस मी ती बाटली गच्चीवर नेली आणि खाली आणली. लावली नाही. तिसऱ्या दिवशी मला राग आला. एवढं साधं काम, तेही धड करता येत नाही? सहा वर्षं फुकट गेली का? याचा जाब विचारला पाहिजे असं ठरलं, आणि जाब विचारायला जाणं म्हणजे काही समेट करायला जाणं नव्हे. मी अंगात सदरा घातला, बाटली घेतली, आणि उजेडी, सगळ्या मेलकावेरीच्या देखत वेंकूच्या रस्त्याला लागलो.

दार रुक्माने उघडलं, वेंकूच्या बायकोने. मला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला आणि तो तसाच धरून राहिली. सहा वर्षांत केस पांढरे झालेले.

"या, भावजी."

"बसायला नाही आलो. ही पानं कोणी चिरली?"

तिने बाटलीकडे पाहिलं. "मी चिरली. चुकलं का?"

"विळीने?"

"मग कशाने चिरू? ह्यांनी नुसतं सांगितलं, पानं आणून तेलात घाल आणि अण्णाच्या ओट्यावर ठेव. बाकी काही बोलले नाहीत. बोलतच नाहीत, भावजी."

"तो कोठे आहे?"

तिने हाताने आत दाखवलं. माजघराच्या मागे त्यांची भांड्यांची खोली आहे. लग्नाचे हंडे, पराती, झारे, सगळं तेथे. दार लावलेलं. रुक्मा हलक्या आवाजात म्हणाली, "कार्तिकईपासून तेथेच असतात. हातावर उठलंय. तुमच्यासारखंच. आधी कोपरं, मग हात. डॉक्टरकडे येत नाहीत, पंगतीला जात नाहीत. जेवण दारात ठेवावं लागतं." मग खाली पाहत म्हणाली, "राग मानू नका, भावजी. तुमचं तर लागलं नाही ना?"

माझ्या तोंडाशी कडू उत्तर आलं होतं. म्हणणार होतो, सहा वर्षं मी त्याला शिवलो नाही, बाटलीतून लागतं काय? पण त्या मुलीचे शब्द आठवले, कधी कधी घराण्यात असतं. आणि मी छाती काढून म्हटलं होतं, आमच्या घराण्यात नाही.

"लागत नाही," मी म्हटलं. "आमच्या रक्तातलं आहे. पान त्याने का फाडलं नाही?"

"म्हणाले, असल्या हाताने दुसऱ्याचं औषध करू नये."

खरं सांगतो. ऐकलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. आता कळलं तुला, असं आत कोणी तरी म्हणालं. तो मीच होतो. मग मी त्या लावलेल्या दाराकडे पाहिलं. हंड्यांच्या मध्ये बसलेला, हात धोतरात लपवलेला माणूस मला दाराआडूनही दिसत होता. त्याची बसण्याची रीत मला ठाऊक आहे. माझीच आहे.

निघताना रुक्माला विचारलंच. "गोज्जूचं काय करता?"

"कोणता?"

"मी देतो तो."

तिला हसू आलं, त्या सगळ्यातसुद्धा. "आम्हाला मिळतो कोठे तो? हेच खातात. बरणीत काढून कुलपात ठेवतात. जानकी माहेरी आली तेव्हा एक चमचा दिला तिला, मोजून. आत्तासुद्धा दुसरं काही जात नाही, दहीभात आणि तो गोज्जू. बघा की, अजून तळाला आहे."

मी बघायला थांबलो नाही. डोळ्यांचं मला काही सांगू नका, म्हातारपणी पाणी येतंच.

आज सकाळी पॅसेंजरने सुंदरपेरुमाळ कोयिलला गेलो. झाड आहे तेथेच आहे. शेंगा लटकत होत्या. काही जोड्या सुटलेल्या, काही अजून टोकाला धरून. हाताला येतील तेवढी पानं तोडली. परत येऊन सरळ वेंकूच्या घरी, भांड्यांच्या खोलीपुढे, जमिनीवर बैठक मारली. ताटली घेतली. फाडू लागलो.

"कोण?" आतून आवाज. हंड्यांमुळे घुमलेला.

"मी."

मी दोन पानं फाडली. मग, "जा, अण्णा."

"जाणार नाही. भांडायला आलोय."

"मग उद्या ये."

"उद्या डॉक्टरिणीकडे जायचं आहे. तू आणि मी. आधी तिची गोळी, मग हे तेल. आणि दुपारच्या उन्हात बसायचं नाही, मी बसून पाहिलंय."

पान फाडलं. चीक आला.

"विहीणबाईंना तू भाजलं म्हणून सांगितलंस," मी म्हटलं.

"मला दुसरं सुचलं नाही, अण्णा."

"दोन्ही हात भाजून घेणारा आचारी असतो का, वेंकू?"

"मग काय सांगायचं होतं?"

"खरं सांगायचं. माझ्या अण्णाची कातडी बिघडली आहे, म्हणायचं. हात नाही."

मी आणखी एक पान घेतलं. मग मी म्हटलं, "अक्षता न टाकता निघून गेलो ते माझं चुकलं." हे वाक्य उच्चारायला मला सहा वर्षं लागली आणि ते संपायला पानाएवढाही वेळ लागला नाही.

"ये बाहेर. पानं पुष्कळ आहेत."

"माझे हात चांगले नाहीत. असल्या हाताने तुझं औषध..."

"असल्याच हातचा गोज्जू तू कुलपात ठेवून खाल्लास."

आत एक हंडा सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं, मग पुन्हा काही नाही, इतका वेळ की मला वाटलं तो परत जाऊन बसला. मी फाडत राहिलो. रुक्मा माजघरात उभी होती. तिला आतून हाक आली. ती गेली, तुपाची वाटी घेऊन आली, दाराच्या फटीतून आत दिली, आणि माझ्याकडे न पाहता परत जाऊन उभी राहिली.

दार तेवढंच उघडं राहिलं, हातभर. त्यातून एक हात आला. भेगाळलेला, पापुद्रे सुटलेला, माझाच हात म्हणून कोणालाही खपला असता. त्याने उंबऱ्यावर काही ठेवलं आणि आत गेला. शनीची अंगठी. तुपाने चकचकत होती.

मी अर्धी पानं वेगळी केली आणि ताटली आत सरकवली. "चीक झोंबेल, हळू," म्हटलं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, नवं कापड उसवल्यासारखा.